उजवी पाकळी

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी फुकट मिळाली आहे, हे आधीच लिहून ठेवतो. अंधेरीच्या एका हॉटेलात धंदेवाल्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती. जेवण झकास, कोच सुटाबुटातला. तो म्हणाला, रोज लिहा, खरं लिहा, घरच्यांनाही दाखवू नका. सपनाला दाखवायची नाही म्हटल्यावर मला एकदम हुरूप आला.

पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहायची आहे. मी नंदकुमार राऊळ, वय एकोणपन्नास, नंदू म्हणतात. वडील गिरणीत होते, मी जाळीत आहे. कबुतरं घरात येऊ नयेत म्हणून लोकांच्या बाल्कन्यांना जाळ्या बसवून देतो. मालाड पूर्वेला गाळा, अठरा माणसं. मुंबईत कबुतरं आहेत तोवर माझ्या घरची चूल पेटती राहणार.

कोचने एक प्रश्न विचारला, तो माझ्या घशात अडकून बसला. 'तुमच्या सहायकाने गेल्या वर्षात स्वतःहून घेतलेला एक निर्णय सांगा.' बाजूच्या बिस्किटवाल्याने धडाधड चार सांगितले. मला एकही आठवेना.

माझी सहायक कल्पिता. मढची, कोळ्याची पोर, सहा वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीला मी तिला 'एक्झिक्युटिव्ह असिस्टंट' असं कार्ड छापून दिलं. कामाला चोख आहे, वाद नाही. पण सांगितल्याशिवाय हलायचं नाही, हा स्वभाव. जबाबदारी आपली मानत नाही.

ठरवलं. तिला महिनाभर घडवायचं. पाच फेब्रुवारीपर्यंत तिने एक तरी निर्णय स्वतःहून घेतला पाहिजे. नाही घेतला, तर बाई बदलायची. बोरिवलीच्या चार टॉवरचं काम दारात आलंय, अकराशे चाळीस बाल्कन्या. इतकं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदाच. अशा वेळी हाताखाली मेणाचं माणूस चालणार नाही.

७ जानेवारी, बुधवार

आज तिला समोर बसवलं.

"कल्पिता, आजपासून मला काही विचारायचं नाही. स्वतःहून करायचं."

"सगळं?"

"सगळं. फक्त करायच्या आधी मला सांगायचं."

"म्हणजे विचारायचंच ना सर?"

"विचारायचं नाही गं, सांगायचं. मग मी हो म्हणेन."

"आणि नाय म्हणालात तर?"

बघा, हे असं. नकाराचाच विचार आधी. तिला एक कोरी वही दिली. वर मीच सुवाच्य अक्षरात 'निर्णयवही' लिहिलं. घेतलेला प्रत्येक निर्णय तारखेसकट त्यात लिहायचा. तिने वही घेतली, उघडून पाहिली, बंद केली आणि म्हणाली, "ठीकाय."

९ जानेवारी, शुक्रवार

नितेश नावाचा दलाल जाळीचा नमुना घेऊन आला. निम्म्या भावात देतो म्हणतो. बोरिवलीच्या कामाला हीच वापरली तर माझं निम्मं आयुष्य सुधारेल. मला तिथल्या तिथे सही करावीशी वाटली, पण मी अशी घाई करत नाही. गावच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय मी धंद्यातला मोठा निर्णय घेत नाही.

(कोच म्हणाला होता, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही समजेल असं लिहा. तर कौल म्हणजे असं: गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, तिला गाऱ्हाणं घालतो, आणि वाट बघतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सपना याला अंधश्रद्धा म्हणते. मी शिस्त म्हणतो.)

मी स्वतः पाच वर्षं गावी गेलेलो नाही. चुलतभाऊ दशरथने पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा दिला, तो मान आमच्या घरचा. तो माफी मागेपर्यंत त्या वाटेला जायचं नाही. त्यामुळे कौल फोनवर. पण भिकाजी गुरवाला फोन लागणं म्हणजे दिव्य. गावात रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, एका काजूखाली. इतका वेळ मालकाने घालवायचा म्हणजे अती झालं, म्हणून ते काम कल्पिताकडे. ती गाळ्याच्या गच्चीवर जाते, अर्ध्या तासाने खाली येते आणि सांगते.

आज जायच्या आधी तिने नितेशचा नमुना हातात घेतला. गाठ अंगठ्याने दाबली, धागा दातात धरून ओढला, बादलीत बुडवून उन्हात टाकला. कोळ्यांना जाळी दिसली की हात शिवशिवतात.

संध्याकाळी गच्चीवरून खाली आली. "डावा."

"डावा? निम्म्या भावाला डावा?"

"डावा सर. देवी म्हणते, हा माल दोन उन्हाळे काढणार नाय."

वाईट वाटलं, पण देवीपुढे आपण कोण. नितेशला नकार कळवला. कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली 'डा' लिहिलं. ती माझी पद्धत आहे, 'उ' किंवा 'डा'.

१४ जानेवारी, बुधवार

तीळगूळ वाटला. कल्पितानेच आणला होता, मी सांगितलं म्हणून.

निर्णयवही कोरी.

गाळ्याच्या कोपऱ्यात घुबडांचा ढीग तसाच आहे. लिहायचंच आहे तर हेही लिहितो. दीड वर्षापूर्वी मी प्लास्टिकची चारशे घुबडं मागवली. डोकं फिरवतात, डोळे चमकतात, कबुतरं घाबरून पळतात असं जाहिरातीत होतं. त्या वेळी कौल घेतला नाही, कारण सवलत रात्री बारापर्यंतच होती. पहिली पन्नास बसवली. तिसऱ्या दिवशी मालाडच्या एका काकूंनी फोटो पाठवला, घुबडाच्या डोक्यावर कबुतराने अंडं घातलेलं. कौल न घेतल्याची ही शिक्षा. पुढे देवीनेच मार्ग दाखवला, दिवाळीच्या आधी लक्ष्मीचं वाहन म्हणून वीक. दीडशे खपली! गेली दोनेक वर्षं देवीचं डोकं भलतंच चालतंय.

हे सपनाला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमची देवी हल्ली फार हुशार झालीय हो. आधी एवढी नव्हती."

"भक्ती वाढली की असं होतं," मी म्हटलं.

ती हसत राहिली. एवढं हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

१७ जानेवारी, शनिवार

बोरिवलीच्या सोसायटीत बैठक. त्यांना चारही टॉवर पावसाच्या आधी हवेत. मी कौल मागवला होता: काम घ्यायचं की नाही? कल्पिता काल गच्चीवर पाऊण तास होती. खाली आल्यावर कागदावर काही आकडेमोड करत बसली, मग म्हणाली, "उजवा. पण एक अट हाय."

"देवी अट घालते?"

"घातली आज. आधी दोन टॉवर, पावसाच्या आधी. उरलेले दोन पावसानंतर. चारही एकदम धरले तर माणसं पुरणार नाय, वाट लागेल."

उजव्या-डाव्यात एवढा तपशील कसा बसवला असेल, कोण जाणे. भिकाजीचा हात बसला असणार. मी बैठकीत तसंच मांडलं, आणि लोक खूश. सेक्रेटरी म्हणाले, 'असा स्पष्ट बोलणारा ठेकेदार पहिल्यांदाच भेटला.' मी नम्रपणे म्हटलं, सगळी देवीची कृपा. कल्पिता मागच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या वाटत होती. येताना रिक्षात अवाक्षर बोलली नाही.

अशा महत्त्वाच्या दिवशी उत्साह नको का? आपलेपणा नाही, दुसरं काय.

२३ जानेवारी, शुक्रवार

वही तपासली. एक नोंद!

'१५ जाने. चहावाला बदलला. जुना पाणी घालतो.'

खाली दुसऱ्या ओळीत: '१६ जाने. सरांनी जुना परत लावला.'

ते खरं आहे. जुन्याला आमचं सगळं ठाऊक आहे, साखर किती, कोणाला बिनदुधाचा. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तिने पुढे प्रयत्न सोडला. माणूस एका अपयशाने खचतो तो नेतृत्वाला नालायक, असं कोचच्या पुस्तिकेत सातव्या पानावर आहे.

नोकरीची जाहिरात टाकली.

२८ जानेवारी, बुधवार

कृणाल नावाचा मुलगा मुलाखतीला आला. एमबीए. आल्याआल्या विचारलंही नाही, एसी स्वतःहून कमी केला. मला ते फार आवडलं. घुबडं पाहून म्हणाला, "सर, ह्यात मोठं पोटेन्शियल आहे." सहा वर्षांत कल्पिता असं बोललेली नाही. ती म्हणते, 'ह्यांना कुठे टाकू?'

त्याला पाच तारखेनंतर कळवतो म्हटलं. त्याचा बायोडेटा प्रिंटरवर राहिला होता, तो नंतर उचलला. कुणी पाहिला नसावा.

२९ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. सहा वर्षांचं माणूस काढायचं म्हणजे मन खातंच. वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा सगळ्यात आधी हॉस्पिटलात तीच पोहोचली होती, मढवरून. मी डॉक्टरसमोर नुसता उभा होतो. फॉर्म तिने भरले.

कौल घ्यावा असं वाटलं, पण तिच्याच नोकरीचा कौल तिच्याच तोंडून कसा मागवायचा? उपाय काढला. आमच्या देवीला मनातला प्रश्नही विचारता येतो. तिला म्हटलं, "भिकाजीला सांग, नंदूच्या मनात एक गोष्ट आहे, ती करू की नको, एवढंच विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय गोष्ट, ते सांगणार नाय?"

"ते देवीला माहीत आहे."

ती वर गेली. तासभर आली नाही. मी जिन्यापर्यंत जाऊन आलो, वरून बोलण्याचा आवाज येत नव्हता. खाली आली तेव्हा डोळे लाल. ऊन असेल.

"कौल लागला नाय सर. पाकळी पडलीच नाय, दोन्हीकडून."

"असं कसं?"

"देवी म्हणते, माणसाबद्दल विचारायचं असेल तर त्या माणसाच्या तोंडावर विचार."

मला घाम फुटला. देवीला सगळं कळतं, हे म्हणतो आपण, पण इतकं कळतं असं वाटलं नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार

घरी कुरिअरने पत्रिका आली. पाठवणारा दशरथ. पाच वर्षांनी! वाटलं, माफी असेल. माफी नव्हती. ग्रामदेवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, आठ फेब्रुवारीला कलशारोहण, सर्व चाकरमान्यांनी यावे. खाली ठळक अक्षरात एक ओळ:

'मंदिराच्या कामामुळे गेली दोन वर्षे बंद असलेले कौल-प्रसाद कलशारोहणानंतर पुन्हा सुरू होतील.'

मी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

सपनाला हाक मारली. तिने पत्रिका पाहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं हो. माझं माहेर शेजारच्याच गावात ना."

"आणि तू बोलली नाहीस?"

"धंदा बरा चालला होता," ती म्हणाली. "कशाला मोडता घालू?"

२ फेब्रुवारी, सोमवार

कल्पिताच्या टेबलावर पत्रिका ठेवली. तिने वाचली. घाबरेल असं वाटलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि बसली, मी बस न म्हणता.

"दोन वर्षं मला फसवलंस तू?" मी ओरडलोच. बाहेर जाळी कापणारे पोरगे थांबले.

"पहिल्या दिवशी खरंच फोन केला होता," ती म्हणाली. "भिकाजीकाका म्हणाले, कौल बंद हा, देवी देवळाबाहेर मांगराच्या खोपीत बसवलीय, दोन वर्षं तरी काय नाय. मी खाली आले सांगायला. तुम्ही घामाघूम, दाढी न केलेली, घाटकोपरच्या पार्टीला अकरा वाजता उत्तर द्यायचं होतं. मी कागद वाचले होते, ती पार्टी बुडवी होती. मी म्हणाले, सर, मला वाटतं... तुम्ही म्हणालात, तुला काय वाटतं ते नको, देवीला काय वाटतं ते सांग. तर सांगितलं. डावा."

"आणि मग?"

"मग तुम्ही दर आठवड्याला विचारायला लागलात. मी काकांना विचारलं, पाप लागेल का? ते म्हणाले, 'तुझा तूच बघ गो चेडवा. देवी खयच्या तोंडातसून बोलात, ता सांगूक येना नाय.'"

मग आठवलं. "आणि गुरुवारचा? मनातला?"

तिने नजर टेबलावर वळवली. "प्रिंटरवर कागद राहिला होता. मी उजवा म्हणाले असते तर नोकरी गेली असती. डावा म्हणाले असते तर ती लबाडी झाली असती, माझ्या स्वतःसाठी. आजपर्यंत एक पण कौल मी माझ्या फायद्याचा दिला नाय सर. म्हणून पाकळी अडकवली."

खिडकीच्या जाळीबाहेर एक कबुतर घुमत होतं.

"आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली ना, की म्हावरं आईचं," ती म्हणाली. "बाबा जाळी सुकवत बसतात. कितीला इकलं, कुणाला इकलं, एक शब्द विचारत नाय. आईने तो हक्क कधी खोटं बोलून घेतला नाय. मला हितं खोटं बोलून घ्यावा लागला. बोरिवलीला तुम्ही सांगितलं देवीची कृपा. मी बाटल्या वाटत होते. लय लागलं मला ते." मग तिने पर्समधून एक पाकीट काढलं. राजीनामा. महिनाअखेरपर्यंतचा. "पगार नको वाढवून. आता देवी सुरू होतेय, तिलाच विचारा. आणि कृणालला काकांचा नंबर देऊन ठेवते, लागायला वेळ लागतो म्हणावं."

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला गेलो नाही. दोन वर्षांची कॅलेंडरं काढून जमिनीवर पसरली आणि 'उ', 'डा' मोजत बसलो. एकूण सत्त्याऐंशी. चुकलेले तीन. त्यातल्या दोहोंत देवीने, म्हणजे तिने, जे सांगितलं होतं त्याचं मी अर्धंच ऐकलं होतं.

मग दोन वर्षांत मी कौलाशिवाय घेतलेले निर्णय आठवले. घुबडं. चहावाला. कार्यशाळा.

लाज वाटली. राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, नुसती लाज उरली. सपनाने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "निर्णयवही तुम्हालाच द्यायला हवी होती." खरं होतं.

तरी एक गोष्ट कोचला कळवायला हवी. मी तिला स्वातंत्र्य न देता इतकं शिकवलं, तर दिलं असतं तर काय झालं असतं!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुदत संपली. कृणालला नकार कळवला. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. घुबडं विकत घेऊ का, असं विचारतोय. द्यायची की नाही? कल्पिताला विचारलं. ती म्हणाली, "आता मी कोण सांगणारी." मग जिन्यावरून मागे वळून, "रोख घ्या."

मनात एक गोष्ट पक्की झालीय. तिला चार आणे भागीदार करायचं. पक्की झालीय म्हणजे जवळजवळ. देवीला एकदा विचारून घेतो.

८ फेब्रुवारी, रविवार, गावी

दशरथच्या ओटीवर बसून लिहितोय. त्याने माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. पालखीच्या दांड्याचा मागचा खांदा मला दिला. मागून पालखी बरी दिसते, हे मला माहीत नव्हतं.

देऊळ नवं, पाषाण तोच. दुपारी गर्दी ओसरल्यावर भिकाजीने दोन वर्षांतला पहिला कौल माझा लावला. वाकला आहे बराच, पण हात स्थिर. मी या वेळी मनात ठेवलं नाही. मोठ्याने विचारलं, सगळ्यांसमोर: "आई, कल्पिता मढची, तिच्या डोक्यावर माझा धंदा चालतो. तिला भागीदार करू?"

बाहेर ढोल थांबले होते. आम्ही बघत राहिलो.

पाकळी पडली. डावी.

भिकाजीने माझ्याकडे पाहिलं. मी देवीकडे. सपना माझ्या पाठीशी होती. तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि सोडून दिली.

मी नमस्कार केला. चप्पल घातली आणि सड्यावर चालत गेलो, काजूखाली. भिकाजी मागून येत होता, त्याचं घर त्याच वाटेला. एक कांडी रेंज आली, मग दोन. कल्पिताने तिसऱ्या रिंगला फोन उचलला. मागे कोळिणींचा गलका, रविवारचा बाजार होता.

"बोला सर."

"कौल घेतला. तुला भागीदार करू का म्हणून. सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन."

पलीकडे गलका कमी झाला. ती बाजूला गेली असावी. "काय दिला?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

भिकाजी चार पावलांवर थांबला होता, तोंडात पान.

"उजवा," मी म्हटलं.

मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग, "तो राजीनाम्याचा कागद फाडून टाका सर. म्हणजे, टाकते मी. उद्या येऊन." आणि फोन ठेवला.

भिकाजीने पानाची पिंक काजूच्या मुळाशी टाकली.

"देवी रागावली तर?" मी विचारलं.

"दोन वर्षां कोळ्याचा चेडू कौल देता हा, तेव्हा रागावली नाय," तो म्हणाला. "आज तू पयलोच दिलंस. तुका एक माफ."